ट्रॅक डेसाठी ब्रेक पॅड कसे निवडायचे? सोलापूरहून गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी

सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट जगभरातल्या गाड्यांच्या इंजिनांत फिरतात, पण ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी मनासारखी पळवायच्या दिवशी, मोठा ट्रॅक हवा असेल तर सोलापूरकराला राज्य ओलांडावं लागतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक विजापूर-बंगळूरमार्गे नऊशे किलोमीटरच्या आसपास येतो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून लांब, आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचं तर विचारूच नका. ट्रेलरवर गाडी घालून नेणारे थोडेच. बाकीचे ज्या गाडीतून रोज ऑफिसला जातात, तिच्याच डिकीत हेल्मेट आणि जॅक टाकून पहाटे निघतात.

त्यामुळे ब्रेक पॅडबद्दल परदेशी व्हिडिओंमध्ये मिळणारा सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो. चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या आपल्या पॅडला दोन उलट कामं करायची असतात. हायवेवर उसाची ट्रॉली अचानक आडवी आली, तर ब्रेक पूर्ण थंड असतानाही पहिल्याच दाबात गाडी आवरली पाहिजे. आणि ट्रॅकवर तोच पॅड चारशे-पाचशे अंशांना तापला तरी त्याने दगा देता कामा नये. ही दोन्ही कामं पूर्ण चोख करणारा पॅड अजून तरी कुणी बनवलेला नाही. तेव्हा कुठे तडजोड करायची आणि कुठे नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिलं: उष्णतेचा हिशेब

दुकानात गेलं की "जास्त पकडीचा पॅड द्या" असं सांगितलं जातं. पण पकडीचा प्रश्न दुसरा, उष्णतेचा पहिला. गाडी चालकासह ११०० किलोची धरा. सरळ पट्ट्यावर ताशी १५० चा वेग पकडून वळणाआधी तो ६० वर आणायचा, तर ब्रेकना सुमारे ८ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर साधं पाणी उकळीला येतं, आणि इथे हे काम तीन-चार सेकंदांत व्हायचं असतं. सात रस्त्याच्या सिग्नलला ६० वरून थांबताना लागतो तो याचा पाचवा हिस्सा.

यातला सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असं माना आणि पुढची एक डिस्क ५ किलोची धरा. एका जोरदार ब्रेकिंगमध्ये त्या डिस्कचं तापमान शंभराहून जास्त अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातली थोडी उष्णता वाऱ्यावर जाते, सगळी जात नाही. फेरीत अशी चार-पाच वळणं आणि सलग सहा-सात फेऱ्या धरल्या तर डिस्क कुठवर पोहोचेल ते दिसतंच. हॅचबॅकची छोटी डिस्क इथेच मार खाते. गाडी हलकी असली तरी उष्णता साठवायला लोखंडही कमीच असतं.

जाता जाता: "आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ वर असतो, ब्रेक लवकर तापत असतील ना?" असं बरेच जण विचारतात. डिस्क चारशे अंशांवर असताना बाहेर तीस अंश असोत की चव्वेचाळीस, ब्रेकना फारसा फरक पडत नाही. चालकाला मात्र पडतो.

दुसरं: ब्रेक कसा जातो ते ओळखायला शिका

ट्रॅकवर ब्रेक "गेला" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

पेडल कडक आहे, तुम्ही पूर्ण जोर लावताय, तरी गाडी थांबत नाही. हा पॅडचा दोष. पॅडमधली सगळी द्रव्यं राळेने बांधलेली असतात. साध्या पॅडमधली राळ तीनशे-चारशे अंशांच्या पट्ट्यात विघटित व्हायला लागते, वायू सुटतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि घर्षण कोसळतं. इथे वेगळं कंपाउंड, म्हणजे पॅडच्या द्रव्यांचं वेगळं मिश्रणच लागेल.

पेडल मऊ लागतंय, स्पंजासारखं दबतंय, थेट तळाला जातंय. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दबते, म्हणून पाय खाली जातो आणि पॅड दाबणाऱ्या पिस्टनला जोरच पोहोचत नाही. इथे कितीही महागडा पॅड टाकला तरी उपयोग शून्य. उलट धातूचं प्रमाण जास्त असलेला पॅड उष्णता कॅलिपरकडे (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाकडे) जास्त वेगाने पोहोचवतो, त्यामुळे जुन्या ऑइलवर तो टाकला तर दुखणं वाढतंच.

तिसरं: पॅडआधी ऑइल

पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: चांगल्या स्थितीतले कंपनीचेच नवे पॅड आणि ताजं ऑइल, बाकी खर्च नंतर. पहिल्या दिवशी तुम्ही लाइन (वळणातून गाडी नेण्याची योग्य वाट) शिकत असता, ब्रेक लवकर लावत असता आणि बहुधा कंपनीच्या पॅडची मर्यादा गाठायच्या आतच थकता.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डब्यावर डीओटी नावाची दर्जाश्रेणी लिहिलेली असते. डीओटी ३ चा नव्या डब्यातला उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १४०. डीओटी ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डीओटी ५.१ साठी २६० आणि १८०. दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल दुसऱ्या आकड्याच्या आसपास आलेलं असतं, म्हणजे थोड्याच फेऱ्यांत उकळायच्या लायकीचं. रेसिंगसाठीची ऑइलं याच्या बरीच पुढे जातात. मोटूल आरबीएफ ६०० चा नव्या अवस्थेतला उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. ती बदलावी मात्र लवकर लागतात, निदान वर्षाला एकदा. एक खबरदारी घ्या: नुसतं "डीओटी ५" लिहिलेलं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते आपल्या गाडीत ओतू नका. ५.१ वेगळं आणि ५ वेगळं.

मिस्त्रीला "एअर काढ" एवढंच सांगून भागत नाही. चारही चाकांतून जुनं ऑइल पूर्ण निघून नवं येईपर्यंत काम झालं पाहिजे, आणि शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या. फोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

चौथं: आपल्या गाडीचं तापमान मोजा

पॅडच्या जाहिरातीतले आकडे वाचण्याआधी आपली डिस्क किती तापते हे माहीत हवं. परत आल्यावर पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) इन्फ्रारेड गन लावून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण शेवटच्या संथ फेरीत डिस्क बरीच थंड झालेली असते. यापेक्षा उष्णतेने रंग बदलणारा पेंट भरवशाचा. मोटरस्पोर्टमध्ये वापरला जाणारा संच तीन रंगांचा असतो: हिरवा ४३० अंशांच्या सुमारास बदलतो, नारंगी ५६० ला आणि लाल ६१० ला. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तिन्हींचे ठिपके लावायचे आणि दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी बघायचं. हिरवा गेला आणि नारंगी टिकला, तर तुमची डिस्क ४३० आणि ५६० च्या मधे कुठेतरी पोहोचली. रोजच्या गाडीत बहुतेकांना एवढी माहिती पुरते.

हेही मिळालं नाही तर सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, संपल्यावर पॅड काढून बघा. कडा भुरभुरल्यात का, पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय का, पॅडमागच्या लोखंडी पट्टीचा रंग जळून पांढरट झालाय का, पिस्टनभोवतीचं रबरी आवरण कडक पडलंय का? पॅड खोटं बोलत नाही.

पाचवं: काठावरची अक्षरं वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका

बऱ्याच पॅडच्या काठावर शेवटी 'एफएफ', 'जीएफ', 'जीजी' अशी दोन अक्षरं असतात. अमेरिकी एसएई पद्धतीत पहिलं अक्षर ९३ अंशांच्या आसपासचं घर्षण सांगतं, दुसरं ३१६ अंशांच्या आसपासचं. 'ई' म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पॅडचा एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत घासून हे ठरवतात. 'एफई' लिहिलेला पॅड गरम झाल्यावर ढिला पडतो, एवढं त्यावरून नक्की कळतं. पण ट्रॅकवर आपल्याला पाचशे अंशांची काळजी असते आणि हे अक्षर ३१६ च्या पुढे गप्प असतं. तेव्हा 'जीजी' दिसलं म्हणून ट्रॅकचा पॅड समजू नका.

युरोपातला 'ई' चिन्हाचा आर९० शिक्का वेगळी गोष्ट सांगतो: बदली पॅडचं काम मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडे आहे. रस्त्यावरच्या पॅडसाठी हा शिक्का उत्तम. ट्रॅकच्या खास पॅडवर तो बहुतेकदा नसतोच.

"सिरॅमिक" या शब्दानेही बराच गोंधळ होतो. बाजारातले सिरॅमिक पॅड शांत असतात, काजळी कमी टाकतात, आलिशान सेडानला शोभतात. सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचं नाव सोडून काही नातं नाही.

सहावं: प्रत्यक्ष निवड

आपल्यासमोर ढोबळ तीन वाटा आहेत.

पहिली वाट, कंपनीचा पॅड किंवा ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश यांच्यासारख्या नावाजलेल्या बनावटीचा बदली पॅड. वर्षातून एकदा जाणारे, छोटे सेशन करणारे, मधे गाडी थंड करणारे यांना पुरतो.

दुसरी, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी विकले जाणारे मधले पॅड: फेरोडोचा डीएस२५००, ईबीसीचा यलोस्टफ, हॉकचा एचपी प्लस ही त्यातली ओळखीची नावं. डीएस२५०० साठी कंपनी साधारण २० ते ५०० अंशांची कक्षा सांगते, म्हणजे थंड असतानाही चावतो आणि हॅचबॅकच्या गरजेएवढी उष्णता सोसतोही. मोबदल्यात आवाज आणि काजळी. एचपी प्लस तर गल्लीत शिरताना सगळ्यांना कळवतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तिसरी वाट खऱ्या रेस पॅडची, म्हणजे फेरोडो डीएस३००० सारख्यांची. गरम झाले की यांना तोड नाही, पण थंड असताना घर्षण कमी आणि डिस्कची झीज जास्त. असे पॅड लावून सोलापूर ते चेन्नई हायवेने जायला माझा ठाम विरोध आहे. हिवाळ्यातला ट्रॅक डे असेल तर आपल्याकडे उसाचा गाळप हंगामही चालू असतो. पहाटे बिनलाइटची ट्रॉली धुक्यात समोर येते तेव्हा तुमचे ब्रेक थंडच असतात.

ज्यांना खरोखर रेस पॅड हवेत त्यांनी दोन संच ठेवावेत: रस्त्याच्या पॅडवर जायचं, पॅडॉकमध्ये (ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या आवारात) पुढचे पॅड बदलायचे, संध्याकाळी गाडी पूर्ण थंड झाल्यावर परत जुने बसवायचे. तरंगत्या (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरच्या गाडीत दोन्ही बाजूंचं हे काम सवयीच्या हाताला तासाभराचं. दोन वेगवेगळ्या कंपाउंडचे थर एकाच डिस्कवर चढले की काही काळ पेडल थरथरतं किंवा चावा असमान लागतो, म्हणून संच एकाच कंपनीचे घ्या. परवडत असेल तर ट्रॅकसाठी डिस्कची जोडीही वेगळी.

आता पकडीबद्दल. गाडी शेवटी टायर थांबवतो. साध्या टायरवर फार चावणारा पॅड लावला तर चाकं अडकू न देणारं एबीएस लवकर धडधडायला लागतं, थांबण्याचं अंतर काही कमी होत नाही. दोन पॅड तापमानाला सारखेच टिकत असतील तर मी कमी घर्षणाचा घेतो, कारण पायाने मोजून ब्रेक लावता येतो.

सातवं: मागची चाकं विसरू नका

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात. पुढे जास्त घर्षणाचे पॅड लावले की ब्रेकचा तोल आणखी पुढे सरकतो. गाडी त्यामुळे स्थिर राहते, फक्त मागच्या चाकांचं काम कमी होतं. उलटा प्रकार मात्र धोक्याचा: मागे डिस्क आहे म्हणून तिथेच जहाल पॅड टाकले, तर वळणात शिरताना मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. पुढच्याहून मागचा पॅड कधीच जहाल नको. ड्रमचे लायनर निदान निम्मे शिल्लक आणि नीट अ‍ॅडजस्ट केलेले असू द्या, एवढं पुरे.

आठवं: माप जुळवूनच पैसे द्या

एकाच नावाच्या गाडीचं भारतातलं आणि युरोपातलं कॅलिपर वेगळं असू शकतं. परदेशी संकेतस्थळावर गाडीचं नाव टाकून मागवलेले पॅड इथे बसत नाहीत, ते यामुळे. आपला जुना पॅड काढा, मागच्या पट्टीवरचा डब्ल्यूव्हीए क्रमांक (पॅडचा आकार ओळखायचा क्रमांक) असेल तर टिपून घ्या, लांबी, उंची, जाडी व्हर्नियरने मोजा आणि कंपनीच्या कॅटलॉगमधल्या आकृतीशी ताडून बघा. फोक्सवॅगन आणि स्कोडा वाल्यांना हे तुलनेने सोपं जातं. मारुती आणि ह्युंदाईच्या मालकांनी जास्त चौकशी करावी.

मधले आणि रेसचे पॅड सोलापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, पुण्या-मुंबईहून किंवा बंगळूरहून मागवावे लागतात. फार स्वस्त मिळाले तर संशय घ्या. आणि जुन्या पट्टीवर जहाल लायनिंग चिकटवून देतो असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. पाचशे अंशांवर ते लायनिंग पट्टी सोडून निघालं तर पिस्टनपुढे काहीच उरत नाही.

डिस्कची जाडीही याच वेळी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर फेसिंग करून (घासून सपाट करून) ती त्या मर्यादेच्या जवळ आली असेल तर नवीनच घ्या. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात. साधी, चांगल्या बनावटीची, आत हवा खेळणारी डिस्क बास.

नववं: बसवणं आणि बेडिंग

चाक काढण्याआधी नुसत्या जॅकवर न विसंबता गाडीखाली स्टँड लावा. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला की पॅड निघतात. पिस्टन मागे ढकलताना वरची ऑइलची टाकी भरून सांडत नाही ना ते बघा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. स्लायडर पिना पुसून उच्च तापमानाचं सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की एक पॅड तिरपा घासतो आणि आपण पॅडच्या नावाने बोटं मोडतो. सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. मग गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरून पार्किंगमधल्या भिंतीला गाडी भिडवणारे काही कमी नाहीत.

नवा पॅड आणि डिस्क यांची ओळख करून द्यावी लागते, तेच बेडिंग. पॅडमधल्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसला की खरा चावा मिळतो. मधल्या पॅडसाठी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ताशी १०० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवत थंड करायची. पॅडच्या कंपनीची वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. रेस पॅडचं बेडिंग हायवेवर करू नका, त्याला लागणारी उष्णता तिथे सुरक्षितपणे येतच नाही. ट्रॅकवरचं पहिलं सेशन त्यासाठी ठेवा: दोन फेऱ्या हलक्या, दोन जोराच्या, एक थंड करायची, आणि मग पिटमध्ये हात लावण्याइतकी गार होईपर्यंत उभी.

दहावं: ट्रॅकच्या दिवशी

आदल्या रात्री पॅडची जाडी बघा. नव्याच्या निम्म्याहून कमी उरला असेल तर ट्रॅकवर नेऊ नका. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ ऑइलला देतो. रस्त्यावर चार महिने चालेल असा पॅड ट्रॅकवर दुपारपर्यंत संपू शकतो.

ब्रेक उशिरा, जोरात आणि कमी वेळ लावा. लांबून हळूहळू दाबत नेलं की डिस्कला मधल्या वेळात वारा मिळत नाही. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, पेडलवर पाय ठेवून उभे राहू नका, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला तर डिस्कवर त्याचा ठसा उमटतो आणि परतीच्या वाटेवर स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला "डिस्क वाकली" म्हणतात, पण बहुतेकदा तो असा असमान थरच असतो. गरम डिस्कवर पाणी मारायचा मोह तर टाळाच.

गाडीचा नेहमीचा विमा संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळतो, तेव्हा नोंदणीच्या कागदावर सही करण्याआधी तो बारीक मजकूर वाचा.

परत आल्यावर

सोलापुरात पोचल्यावर आधी अलॉय व्हील धुऊन घ्या. धातूच्या पॅडची काजळी ओल धरली की गंजते आणि रंगात रुतते. मग चाक काढून चारही पुढचे पॅड शेजारी शेजारी मांडा. आतला बाहेरच्याहून जास्त झिजला असेल तर बाहेरच्या पॅडला ओढणाऱ्या स्लायडर पिना तपासा. एका टोकाला जास्त झिजून तिरपा झाला असेल तर कॅलिपर तापून पसरतोय किंवा पिना ढिल्या आहेत. बारीक तडे चालतात, कडेपर्यंत गेलेले चालत नाहीत. पृष्ठभाग चमकत असेल आणि पेडल कडक राहूनही गाडी पळत राहिली असेल, तर पुढच्या वेळी एक पायरी वरचं कंपाउंड. पॅड मस्त, पण पेडल मऊ पडलं होतं? मग पॅडवर पैसे घालू नका, ऑइल बदला आणि डिस्ककडे हवा नेणारी नळी बसवता येते का ते बघा. दोन्ही ठीक असतील तर याच पॅडचा दुसरा संच मागवून ठेवा. आयात माल यायला वेळ लागतो.